फोन कुणाच्या हातात?

(सोलापुरात कार्यकर्त्या मैत्रिणींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मी आज व्हिडिओ गेमवर बोलणार हे कळल्यावर दोघीतिघींनी मला बाजूला घेऊन विचारलं, ‘बाई, आपले विषय संपले का?’ विचारणं रास्त आहे. विडीच्या मजुरीचा प्रश्न तसाच पडलाय, केंद्रावर मार खाल्लेल्या बायका येतातच आहेत, आणि ही पोरांच्या खेळावर बोलणार! म्हणून आधी मी या विषयापाशी कशी आले ते सांगते.

मागच्या वर्षी आपल्याकडे एक मुलगी आली. कॉलेजात शिकणारी. आई विड्या वळते, वडील टॉवेलच्या कारखान्यात. मुलीचा साखरपुडा झाला होता. होणारा नवरा सारखा फोन करून विचारायचा, ‘आत्ता चौकात काय करतेस? मैत्रिणीच्या घरून निघायला एवढा वेळ का लागला?’ पहिल्यांदा तिला वाटलं, ओळखीचं कुणीतरी त्याला सांगतंय. मग उलगडा झाला. साखरपुड्यात त्यानं जो फोन भेट दिला होता, त्यातच आधी एक अ‍ॅप घालून ठेवलं होतं. ती कुठं आहे, कुणाशी बोलली, काय लिहिलं, सगळं त्याला घरबसल्या दिसत होतं.

मुलीनं हिंमत करून घरी सांगितलं. घरच्यांनी काय केलं? तिचा फोन काढून घेतला. त्या मुलाला कुणी एक शब्द विचारला नाही. ‘काळजी आहे म्हणून बघतो,’ असं तिची आजी आम्हाला म्हणाली.

आम्ही त्या मुलाला भेटलो. वाह्यात म्हणावा असा नव्हता. शिकलेला, नीट बोलणारा. आपण काही चुकीचं केलंय हेच त्याला पटत नव्हतं. ‘मॅडम, मी तिला हात लावला का? नुसतं बघितलं,’ असं तो म्हणाला. बोलता बोलता त्यानं एका गेमचं नाव घेतलं. त्यातला हिरो फोनवरून सगळ्या शहराचं बघतो, म्हणाला, आणि त्याला कुणी वाईट म्हणत नाही.

तोच गेम माझ्या भाच्याकडे होता. सुट्टीत तीन आठवडे रोज रात्री जेवणं झाल्यावर मी त्याच्या शेजारी बसले. ‘आत्या, तू खेळणार?’ म्हणून तो हसला. पहिले दोन दिवस माझी गाडी फुटपाथवरच चढत होती. पण बसले.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. गेममुळे तो मुलगा तसा झाला, असं मी म्हणणार नाही. बाईवर नजर ठेवायला आपल्या समाजाला गेमची गरज कधीच पडली नाही. खिडकीतली सासू, कट्ट्यावरची पोरं, नाक्यावरचा पानवाला, सगळे बघतच होते. पण आपली मुलं रोज तासन् तास जे खेळतात त्यात ‘बघणं’ कसं दाखवलंय, हे आपल्याला माहीत असायला नको का? सिनेमाच्या पोस्टरांना आपण काळं फासलं होतं तेव्हा आधी ती पोस्टरं नीट बघितली होतीच ना?

खेळ काय आहे?

गेमचं नाव ‘वॉच डॉग्ज’. म्हणजे राखण करणारे कुत्रे. युबीसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा हा गेम, तिच्या कॅनडातल्या माँट्रियलच्या स्टुडिओनं केलेला. मे २०१४ मध्ये तो बाजारात आला. पहिल्या आठवड्यातच चाळीस लाखांवर प्रती खपल्याचं कंपनीनं जाहीर केलं. पुढे २०१६ साली दुसरा भाग आला आणि २०२० साली तिसरा.

ज्यांनी असा गेम कधी बघितला नाही त्यांच्यासाठी सांगते. यात ठरलेल्या वाटेनंच जायचं असं नसतं. अख्खं शहर मोकळं असतं. रस्ते, पूल, दुकानं, लोक. पाहिजे तिकडे चालत जा, गाडी घेऊन जा. मधेमधे कामगिऱ्या असतात, त्या पार पाडल्या की गोष्ट पुढे सरकते. पहिल्या भागातलं शहर आहे अमेरिकेतलं शिकागो. तिथले सिग्नल, पूल, कॅमेरे, वीज, बँका, सगळं एकाच संगणक यंत्रणेला जोडलेलं. तिचं नाव ‘सीटीओएस’. आणि नायक एडन पिअर्स याच्या हातात असा एक फोन, की ज्यानं तो या यंत्रणेत शिरतो. एक बटण दाबलं की सिग्नल बदलतो, मागे लागलेली पोलिसांची गाडी आपटते. पूल वर उचलला जातो. कॅमेऱ्यातून कॅमेऱ्यात उड्या मारत तो बंद इमारतीच्या आत बघतो.

आणि मुख्य गोष्ट. रस्त्यानं जाणाऱ्या कुणाकडेही फोन धरला की त्या माणसाचं नाव, धंदा, वर्षाची कमाई आणि एखादी खाजगी गोष्ट डोक्याशेजारी चौकटीत लिहून येते. कुणाला कसला आजार, कुणी कर्जात, कुणाचं लग्न मोडलेलं. काही जणांच्या खात्यातले पैसेही तिथल्या तिथे काढून घेता येतात.

चांगलं ते चांगलं म्हणू

आपल्यावर आरोप असतो की आपण कुठल्याही गोष्टीत फक्त खोट काढतो. म्हणून आधी जमेची बाजू.

पहिली गोष्ट, न दिसणारी यंत्रणा हा खेळ डोळ्यांना दाखवतो. आपण शिबिरात ‘पाळत’, ‘खाजगीपणा’ असे शब्द वापरतो तेव्हा समोरच्या बायांच्या चेहऱ्यावर काही उमटत नाही. इथे पाच मिनिटांत कळतं की कॅमेरा, फोन, बँक आणि पोलीस एकाच धाग्यात ओवले की काय होतं. हा गेम कंपनीनं पहिल्यांदा जगाला दाखवला जून २०१२ मध्ये. त्यानंतर बरोबर वर्षभरानं, जून २०१३ मध्ये, एडवर्ड स्नोडेननं अमेरिकन सरकार लोकांचे फोन आणि इंटरनेट कसं टिपतं ते बाहेर काढलं. म्हणजे खेळ बातमीच्या आधी आला. आपल्याकडे २०१५ मध्ये स्मार्ट सिटी योजना जाहीर झाली आणि जानेवारी २०१६ च्या पहिल्या वीस शहरांच्या यादीत आपलं सोलापूर होतं. योजनेतल्या शंभरही शहरांत नियंत्रण कक्ष उभे राहिले, आणि तिथल्या पडद्यांवर शहराचे रस्ते दिसू लागले. तेव्हा रस्ते, पाणी, कचरा यावर आपण खूप बोललो. कॅमेऱ्यांतून टिपलेलं कोण बघणार आणि किती दिवस ठेवणार, हे विचारल्याचं मला आठवत नाही.

दुसरी गोष्ट, रस्त्यावरच्या माणसाला या खेळात चेहरा आहे. बाकी अशा खेळांत चालणारी माणसं म्हणजे गाडीखाली यायला ठेवलेली बाहुली. इथे प्रत्येकाचं काहीतरी आहे. एका झाडूवाल्याच्या नावापुढची ओळ वाचून माझा भाचा थांबला आणि त्याचे पैसे त्यानं काढले नाहीत. मला ते बरं वाटलं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. या खेळात इंटरनेटवरून दुसरा खेळाडू गुपचूप तुमच्या शहरात शिरतो. तो साध्या वाटसरूसारखा दिसतो आणि तुमच्या फोनमधली माहिती चोरायला लागतो. ती पूर्ण चोरून व्हायच्या आत तुम्ही त्याला गर्दीतून हुडकायचं. हे झालं तेव्हा माझा भाचा, एरवी तासभर दुसऱ्यांच्या घरात कॅमेऱ्यानं डोकावणारा, एकदम घाबराघुबरा झाला. ‘कोण आहे? कुठून बघतोय?’ प्रत्येक माणसाकडे संशयानं बघायला लागला. मी त्याला म्हटलं, ‘बाळा, असंच वाटतं. बसस्टँडवर, जिन्यात, न्हाणीघरात. आम्हाला असंच वाटत आलंय.’ तो काही बोलला नाही. पण त्यानं खेळ थांबवला आणि माझ्याकडे बघितलं. दहा व्याख्यानांनी झालं नसतं ते त्या पाच मिनिटांनी झालं.

बाई कुठं आहे?

आता दुसरी बाजू.

एडन पिअर्स हा चोर. हॉटेलातल्या लोकांचे पैसे फोनवरून लुबाडताना तो मोठ्या धेंडांच्या वाटेत येतो. ते त्याच्यावर मारेकरी घालतात आणि गाडीत असलेली त्याची सहा वर्षांची भाची मरते. गोष्ट सुरू होते ती इथून. पोरगी मेली म्हणून मामा सूडाला निघाला. पुढे त्याच्या बहिणीला पळवून नेतात, ती ओलीस. क्लारा नावाची एक हुशार हॅकर त्याला मदत करते. त्याच्यापेक्षा तिला जास्त येतं. शेवटी तीही गोळ्या खाऊन मरते, तीही त्या मुलीच्या थडग्यापाशी. तीन बाया. एक मेलेली, एक कोंडलेली, एक पश्चात्तापात मारलेली. तिघींचं काम एकच, त्याला पुढे ढकलायचं. हे आपण सत्तरच्या दशकापासूनच्या हिंदी सिनेमात बघत आलोय. बहिणीवर संकट आल्याशिवाय भावाचा सिनेमाच सुरू होत नाही! तंत्रज्ञान एकविसाव्या शतकातलं आणि गोष्ट मात्र तीच.

एका कामगिरीत बायकांचा लिलाव आहे. हिरो गिऱ्हाइकाचं सोंग घेऊन आत शिरतो. तिथल्या बाया उघड्यावाघड्या उभ्या आहेत आणि आपण, म्हणजे खेळणारे, त्यांच्यामधून चालत जातो. हेतू कदाचित चीड यावी असा असेल. पण कॅमेरा गिऱ्हाइकाच्या डोळ्यांच्या जागी आहे. त्यांच्यातली कुणी उठून दुसरीला सोडवते असं होत नाही.

मला सगळ्यात जास्त खुपलं ते वेगळंच. शहरात कुठं गुन्हा होणार याचा अंदाज ती यंत्रणा देते. एडननं तिथे जायचं, संशयिताला शोधायचं आणि वाट बघायची. कारण गुन्हा सुरू व्हायच्या आधी तुम्ही मधे पडलात किंवा त्याला दिसलात तर तो सटकतो आणि तुमची कामगिरी फुकट जाते. म्हणजे एक माणूस एका बाईवर हात उगारणार हे तुम्हाला माहीत आहे. तुम्ही आडोशाला उभे. हात उगारेपर्यंत थांबायचं, मग धावायचं, मग तुमची शहरात कीर्ती वाढते. मैत्रिणींनो, मार पडल्यावर धावून येणारे लोक आपण खूप बघितलेत. मार पडायच्या आधी दारात उभं राहणं हे आपलं काम. त्याला या खेळात एकही गुण नाही.

म्हणजे मूळ दोष असा: बघण्याची सगळी ताकद एका पुरुषाच्या हातात दिली आणि तो दुःखी आहे म्हणून त्याला माफ करून टाकलं. सरकारनं बघितलं तर वाईट, कंपनीनं बघितलं तर वाईट, पण आपल्या हिरोनं बघितलं तर राखण! आपल्या त्या होणाऱ्या नवरदेवाचं म्हणणं तरी दुसरं काय होतं?

खेळ म्हणूनही त्याला नावं ठेवली गेलीच. २०१२ साली दाखवलेल्या चित्रांइतकं प्रत्यक्षातलं चित्र देखणं नाही, गाड्या नीट चालत नाहीत, नायक रुक्ष आहे, असं पोरंच म्हणतात. मला त्यात एकच भर घालायची आहे. हॅकिंग म्हणजे एक बटण, हे खोटं आहे. त्यामागे शिक्षण आहे, वेळ आहे, बहुतेकदा एखादी ढिलाई किंवा विश्वासघात आहे. आपल्या मुलीच्या बाबतीत कुठलीही भिंत फोडावी लागली नाही. फोन भेट म्हणून दिला होता आणि तिनं विश्वासानं घेतला होता.

दुसरा भाग आणि आपलं सेटलमेंट

दुसऱ्या भागात कंपनीला थोडी अक्कल आलेली दिसते. शहर सॅन फ्रान्सिस्को. नायक मार्कस हॉलोवे, तरुण, काळा. यंत्रणेनं अंदाजानं त्याला गुन्हेगार ठरवलंय. न केलेल्या गुन्ह्यासाठी त्याचं नाव यादीत. खेळ सुरू होतो तो स्वतःची ती नोंद पुसण्यापासून. म्हणजे आता ज्याच्यावर नजर आहे तोच नायक झाला.

हे मी भाच्याला समजावून सांगायला गेले तर तो म्हणाला, ‘आत्या, असं खरंच कुठं होतं का? काही न करता गुन्हेगार?’ मी म्हटलं, चप्पल घाल, रिक्षा करू. त्याला सेटलमेंटमध्ये नेलं.

सोलापूरकरांना ‘सेटलमेंट’ हा शब्द पत्ता म्हणून माहीत असतो. त्याचा अर्थ नव्या पोरांना माहीत नसतो. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. अमुक जातीत जन्मलात की तुम्ही गुन्हेगार. काही केलं असो वा नसो. पुढे त्या कायद्याखाली आपल्या या शहरात तारेच्या कुंपणाची वसाहत झाली. माणसं दिवसा गिरणीत राबायची आणि हजेरी द्यायला कुंपणात परत यायची. रजिस्टरात नाव, हजेरीचा ठोका चुकला तर शिक्षा. तो कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, देश स्वतंत्र झाल्यावर पाच वर्षांनी. म्हणून भटके-विमुक्त तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. आणि त्यानंतरही मुंबई राज्यात १९५९ साली सवयीच्या गुन्हेगारांचा कायदा आलाच. चोरी झाली की पोलीस आधी कुठल्या वस्तीत जातात, हे विमुक्तांच्या चळवळीतल्या आपल्या मैत्रिणींना मी काय सांगावं?

तर यंत्रानं माणसाला आधीच गुन्हेगार ठरवायचं ही काही कॅलिफोर्नियातली नवी कल्पना नव्हे. आमच्या गावात ती वहीवर चालत होती. संगणकात घातलेली माहिती त्याच वहीतून येणार असेल, तर संगणक नवा काय न्याय देणार? हा प्रश्न दुसरा भाग उभा करतो, ही त्याची मोठी जमेची बाजू.

शिवाय इथे एकटा सूड घेणारा पुरुष नाही, एक गट आहे. ‘डेडसेक’ त्याचं नाव. चेष्टामस्करी करणारी, एकमेकांना धरून राहणारी पोरं. त्यात सितारा धवन नावाची एक भारतीय वंशाची मुलगी आहे. पोस्टरं, घोषणा, लोकांपर्यंत पोचायचं सगळं तिच्याकडे. तिला बघून मला फार आनंद झाला. आपलीच वाटली, रात्रभर बसून पोस्टरं रंगवणारी! पण भाच्याला म्हटलं, आता मला ही घेऊन खेळू दे, तर तो म्हणाला, ‘हिला खेळता येत नाही आत्या, मार्कसच घ्यावा लागतो.’ बघा, तेच. मोर्च्याचं पोस्टर तिनं करायचं, माइक त्याच्या हातात.

आणि एक विसंगती. मार्कस हसरा, माणुसकीचा. तरी त्याच्या हातात बंदूक दिलीय आणि दहावीस पहारेकरी मारून तो पुन्हा विनोद करू शकतो. ते पहारेकरीही कुणाच्या तरी घरचे, महिन्याच्या पगारावर उभे राहिलेले. माणसं न मारता, झटक्याच्या बंदुकीनं किंवा छोट्या यंत्रगाड्यांच्या मदतीनंही बरंच काही पार पडतं. पण ते खेळणाऱ्याच्या मर्जीवर. गटातला दुसरा काळा मुलगा होरेशिओ मारला जातो आणि गोष्ट त्याच्यासाठी फार थांबत नाही.

तिसऱ्या भागात, लंडनमध्ये, त्यांनी मोठी उडी मारली. नायकच नाही. रस्त्यावरची कुणीही व्यक्ती गटात घ्या आणि तिला घेऊन खेळा. म्हातारी आजीसुद्धा! मी अर्थातच आजी निवडली. काठी टेकत ती सैनिकांच्या तळात शिरली तेव्हा मी आणि भाचा पोट धरून हसलो. पण थोड्या दिवसांत उणीव लक्षात आली. कुणीही नायक, म्हणून कुणाचीच गोष्ट नाही. आजी गेली, दुसरी आली, बोलणं तेच. चळवळीत आपण म्हणतो, प्रत्येक बाई कार्यकर्ती होऊ शकते. खरं आहे. पण ती आपला भूतकाळ, आपली जात, आपली कंबरदुखी घेऊन येते. तिला नुसतं यादीत घेतलं म्हणजे संघटना होत नाही. हा धडा मला त्या गेमनं दिला.

खेळ बनतो त्या घरात

घरात काय चाललंय हे बघितल्याशिवाय आपण कुणाच्या प्रवचनावर विश्वास ठेवत नाही. २०२० च्या उन्हाळ्यात युबीसॉफ्टमधल्या बायकांनी तिथल्या लैंगिक छळाबद्दल बोलायला सुरुवात केली. वरिष्ठ माणसांना पायउतार व्हावं लागलं. जुलै २०२५ मध्ये पॅरिसजवळच्या बोबिनीच्या न्यायालयानं कंपनीच्या तीन माजी अधिकाऱ्यांना दोषी ठरवलं. शिक्षा झाल्या, पण स्थगित. म्हणजे तुरुंगात कुणी गेलं नाही. शहराच्या पाळतीबद्दल जगाला सांगणाऱ्या कंपनीत बायांवर काय गुजरत होतं, ते बघायला कुठलाच कॅमेरा नव्हता.

हे आपल्यापासून लांबचं नाही. या कंपनीनं २००८ साली पुण्यात स्टुडिओ घेतला, २०१८ साली मुंबईत काढला. आपल्या मुली संगणक शिकून अशाच ठिकाणी नोकरीला जातात. तिथे २०१३ च्या कायद्याप्रमाणे तक्रार समिती आहे का, हे विचारायला त्यांना शिकवणं हेही गेमवरच्या चर्चेचाच भाग आहे.

पडद्याबाहेर

त्या लिलावाच्या प्रसंगाकडे पुन्हा येते. कुणी म्हणेल, खेळातलं खेळात. पण जुलै २०२१ मध्ये आणि परत १ जानेवारी २०२२ ला आपल्या देशात मुसलमान बायकांचे फोटो चोरून, त्यांचा ‘लिलाव’ मांडणारी अ‍ॅप निघाली. पत्रकार, कार्यकर्त्या, वकील, उघड बोलणाऱ्या बाया निवडून. दुसऱ्या प्रकरणात मुंबई पोलिसांनी अटक केली तेव्हा पकडलेल्यांमध्ये विशीच्या आसपासची मुलं होती, त्यात एक मुलगीही. त्यांनाही कदाचित वाटलं असेल, हात कुठं लावलाय? नुसतं दाखवलंय.

मग फोन वाईट का? नाही. आणि इथे मला तुम्हाला आपलीच एक गोष्ट आठवून द्यायची आहे.

२०२१ साली अंगणवाडीच्या कामासाठी ‘पोषण ट्रॅकर’ अ‍ॅप आलं. सरकारी फोन निकृष्ट, तापायचे, बंद पडायचे. माहिती इंग्रजीत भरायची. नाही भरली तर मानधनाला कात्री लागायची भीती. सेविकेनं मुलाला खिचडी दिली की नाही यापेक्षा तिनं बटण दाबलं की नाही हे वरून दिसत होतं. त्या ऑगस्टमध्ये राज्यभरच्या अंगणवाडी सेविकांनी काय केलं? हजारोंनी ते फोन सरकारला परत केले. तालुक्याच्या कचेरीत नेऊन टेबलावर ठेवले. ‘हे घ्या तुमचं यंत्र.’

माझ्या मते वॉच डॉग्जच्या तिन्ही भागांत एवढी मोठी कामगिरी नाही. यंत्रणेत चोरवाटेनं शिरणारा एक पुरुष नाही, तर पुढच्या दारानं, नाव-गाव सांगून, दिवसाढवळ्या यंत्रणा थांबवणाऱ्या हजारो बाया. त्या बायांचा फोनला विरोध नव्हता. चांगला फोन द्या, मराठीत द्या, असं त्या म्हणत होत्या. प्रश्न इतकाच होता की फोन आमच्या कामासाठी आहे की आमच्यावर नजर ठेवण्यासाठी?

आपण काय करायचं?

माझं म्हणणं थोडक्यात सांगते, मग चर्चा करू.

एक. गेमवर बंदी घाला अशी मागणी आपण करू नये. बंदीची सवय लागली की ती सगळ्यात आधी मुलींच्या फोनवर येते, हा आपला अनुभव आहे. मुलाच्या शेजारी बसा. खेळता आलं नाही तरी चालेल. ‘हे आत्ता तू कुणाचं बघितलंस? तिला माहीत होतं का?’ एवढंच विचारा.

दोन. मुलींनाही खेळू द्या. यंत्र कसं चालतं हे जिला कळतं, तिला यंत्राची भीती दाखवता येत नाही. आपल्या केंद्रावर फोनमध्ये कुठली अ‍ॅप आहेत, कुणाला काय परवानगी दिलीय, ते तपासायला शिकवण्याचा वर्ग सुरू करावा असा माझा प्रस्ताव आहे. भेट मिळालेला फोन आधी पूर्ण पुसून घ्यायचा, हा पहिला धडा.

तीन. कायदा माहीत करून घ्या. बाईच्या फोनवर, इंटरनेटवर नजर ठेवणं हा २०१३ पासून पाठलागाचाच गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा. ‘नुसतं बघितलं’ म्हणणाऱ्याला हे सांगायचं. आणि ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानलाय. तो हक्क सरकारसमोरच नव्हे, घराच्या उंबऱ्याच्या आतही मिळायला हवा. ते काम आपलं.

चार. शहरातले कॅमेरे आपल्या सुरक्षेसाठी आहेत असं सांगतात. असतीलही. पण मग आपण विचारू: चित्रण कोण बघतं, किती दिवस ठेवतात, कुणाला देतात? आणि ज्या बोळात दिवाच नाही तिथे आधी दिवा कधी लागणार?

शेवटी त्या मुलीबद्दल. तुम्ही विचारणारच. साखरपुडा मोडला. तिनंच मोडला. तक्रार द्यायला घरचे तयार झाले नाहीत, तीही थकली होती. आम्ही तिच्यावर जोर केला नाही. भेट मिळालेला फोन तिनं परत केला. त्यानंतर स्वतःच्या शिकवणीच्या पैशांतून एक जुना फोन घेतला, आणि तो हातात ठेवायला तिला दोन महिने भांडावं लागलं. त्या मुलाशी नाही. आईशी, भावाशी, आजीशी. आम्ही चार वेळा घरी गेलो. चौथ्या वेळी आई विड्या वळत होती. मान वर न करता म्हणाली, ‘राहू दे तिच्याकडे. पण रात्री नऊनंतर बंद.’

पुढच्या महिन्यात आम्ही पाचव्यांदा जाणार आहोत. नऊच का, हे विचारायला.